पेंटरच्या डाव्या हाताला

आमच्या दादाला अख्खा रस्ता पेंटर म्हणतो. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. कोपऱ्यावरच्या बेकरीपासून टोकाच्या सायकलवाल्यापर्यंत निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची आहेत. अक्षर इतकं सरळ की बघत राहावं. माणूस मात्र सरळ नाही. राग कायम नाकावर, आणि राग आला की तोंडाला कुलूप. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला.

आता नवरा-बायकोचा अबोला कुणाच्या घरात नसतो? पण यांच्या अबोल्याला रीत होती. अबोला धरला की दादा वहिनीशी तिसऱ्या माणसामार्फत बोलायचा. तिसरा माणूस म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. मी वरच्या मजल्यावर राहते आणि जेवायला त्यांच्यात असते. वहिनी टेबलाशी शेजारीच बसलेली असायची आणि हा माझ्याकडे बघून म्हणायचा, "छोटे, मीठ द्यायला सांग तिला." वहिनीही मलाच म्हणायची, "समोरच आहे म्हणावं." मी म्हणजे त्यांचं पोस्ट ऑफिस. मी घरात नसले तर दादा भिंतीला सांगायचा.

अबोला सुटायचाही ठरल्या जागी. पाटीवर अक्षरं काढायच्या आधी सरळ रेघ लागते, त्यासाठी सूत मारतात. लांब दोऱ्याला खडूची पूड चोळायची, एकाने एक टोक पाटीच्या डाव्या कडेला दाबून धरायचं, दुसऱ्याने उजवीकडे ताणायचं आणि मधे चिमटीत उचलून टण्णकन सोडायचं. पाटीवर पांढरी रेघ उमटते. डावं टोक लग्न झाल्यापासून वहिनीकडे. दुसऱ्या कुणी धरलेलं दादाला चालत नसे, म्हणे रेघ हलते. त्यामुळे कितीही भांडण होवो, नवीन पाटी आली की त्याला झक मारत म्हणावं लागायचं, "अगं, सूत धर." संपला अबोला. माफी कुणी मागायची नाही, विषय कुणी काढायचा नाही.

दुखण्याआधीचं शेवटचं भांडण बेकरीच्या पाटीवरून झालं. बेकरीवाल्याला नवी पाटी हवी होती आणि घाई होती. वहिनी बोलून गेली, "यांना वेळ लागतो हो. तुम्ही आपला छापूनच घ्या ना बोर्ड." दादा मागेच शिडीवर उभा होता. त्याने ऐकलं. खाली उतरला, ब्रश धुतले, आणि तोंडाला कुलूप लावलं. त्याच अबोल्यात एका सकाळी रंगाच्या खोलीत तो कोसळला.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी. त्यामुळे डावा हात, डावा पाय गेला. पाय पुढे बराच सुधारला, काठी टेकत चालू लागला. हात जडच राहिला. पण वाचा शाबूत, उजवा हात शाबूत. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. आणखीही काही म्हणाले होते, डावीकडे लक्ष कमी राहील असं काहीतरी. आम्हाला वाटलं, डाव्या हाताची काळजी घ्यायला सांगतायत. आम्ही घेतली. उशी दिली हाताखाली.

खरं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. हॉस्पिटलात खुर्ची खाटेच्या डाव्या बाजूला होती. वहिनी दिवसभर त्या खुर्चीत. मी उजवीकडे खिडकीच्या कट्ट्यावर. वहिनी विचारायची, "पाणी देऊ?" आणि दादा माझ्याकडे बघून म्हणायचा, "नको." वहिनी विचारायची, "उशी नीट करू?" दादा मला सांगायचा, "राहू दे." एवढा मरणाच्या दारातून आलेला माणूस, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी मनात म्हटलं. मला त्यात नवल वाटलं नाही. वहिनीला तर नाहीच वाटलं. तिला फक्त वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर तर कहर झाला. जेवायला वहिनी त्याच्या डाव्या हाताला बसायची, पहिल्यापासूनची ती तिची जागा. दादा भात खायचा तो मधोमध रेघ मारल्यासारखा. उजवीकडचा फस्त, डावीकडचा तसाच. भाजी डावीकडे वाढलेली असायची, तिला हात नाही. शर्टाची उजवी बाही चढवलेली, डावी लोंबतेय. दाढी अर्ध्याच गालाची. शर्ट आणि दाढीचं आम्ही अशक्तपणावर ढकललं. भाजीचं मात्र वहिनीने मनाला लावून घेतलं. "माझ्या हातचं नको झालंय त्यांना," म्हणायची आणि अर्धं ताट उचलून न्यायची.

आणि मग एक दिवस जेवताना, वहिनी शेजारी बसलेली असताना, दादा मला म्हणतो, "छोटे, ही असते कुठे हल्ली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दादा, जनाची नाही तर मनाची तरी ठेव! जी रात्रंदिवस तुझं करतेय तिला असं टोचून बोलतोस?" तर हा भाबड्या चेहऱ्याने, "मी काय केलं?" चोराच्या उलट्या बोंबा! मी आणखी चार सुनावले. आज लोक मला म्हणतात, तू उगाच बोललीस. माझं काय चुकलं? तिथे कुणीही असतं तरी तेच बोललं असतं.

वहिनी ताटावरून उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "ताई, रविवारी माझा भाऊ येतोय. मी जाते त्याच्याकडे. यांचं तुम्ही बघा, तुमच्याशी तरी बोलतात. मी समोर असले की यांना घास उतरत नाही." इतक्या वर्षांत ती कधी रुसून भावाकडे गेली नव्हती. आणि ही जाते म्हणाली की जाणारी बाई आहे, हे मला माहीत होतं.

रविवारच्या आधी एक पोरगी आली. आम्ही जेवायलाच बसलो होतो. पाठीला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. हॉस्पिटलातून आलेय म्हणाली, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मी म्हटलं, "व्यायामवाल्या बाई सकाळीच येऊन गेल्या."

"मी व्यायामवाली नाही, मावशी. त्या पाय चालता करतात. चालत चालत माणूस बाथरूमपर्यंत गेला की तिथे त्याला तोंड धुता येतं का, कपडे घालता येतात का, नंतर आपल्या कामाला बसता येतं का, ते मी बघते. तुम्ही जेवा, मी बसते."

मावशी म्हटल्यावर मी जरा आखडले, पण बसू दिलं. बसली आणि टक लावून बघत राहिली. पाहुण्याने असं बघू नये, पण तिचं ते कामच होतं. दादाने ताट सरकवलं, "झालं माझं." अर्धं ताट भरलेलं. वहिनी ओठ घट्ट मिटून ते उचलायला उठली.

"थांबा काकू," पोरगी म्हणाली. पुढे झाली, ताटाला हात लावला आणि ते टेबलावरच अर्धं गोल फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं.

दादाने खाली बघितलं. "अरे, भाजी होती होय! मघाशी का नाही वाढली?" आणि हावऱ्यासारखा खाऊ लागला. ताट चाटूनपुसून साफ. मी आणि वहिनी एकमेकींची तोंडं बघत राहिलो.

पोरगीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, टेबलाशी कोण कोण बसलंय?"

"मी. छोटी. तुम्ही."

"आणि काकू?"

दादाचा चेहरा उतरला. "तिचं काही विचारू नका. हॉस्पिटलात एकदासुद्धा फिरकली नाही. घरी आलो तर घरातही नसते. कधीतरी आवाज येतो नुसता. मान्य आहे, मी बोलत नव्हतो. पण नवरा मरायला टेकलाय आणि बायकोने एवढा राग धरावा?"

वहिनी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, हातात भाजीचा चमचा.

मग पोरगीने आम्हाला समजावून सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत, कान ठीक आहेत. पण डाव्या बाजूला काही आहे, हीच जाणीव मेंदूतून गेली. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही म्हणून आपण हळहळतो का? तसं यांना डावीकडचं. तिथे काही असेल असं वाटतच नाही, मग मान वळवणार कशाला? आवाज आला तरी तो उजवीकडूनच आला असं वाटतं, म्हणून उत्तर उजवीकडच्या माणसाला.

"म्हणजे हे माझ्यावर रागावलेले नाहीत?" वहिनीने विचारलं.

"ते मला कसं कळणार, काकू? त्यांनाच विचारा. पण उजवीकडे येऊन."

वहिनी टेबलाला वळसा घालून आली. दादा दचकला. "कधी आलीस?"

"मी इथेच होते."

"इथे कुठे?"

वहिनीने बोट दाखवलं. त्याने बोटाकडे बघितलं, बोट दाखवत होतं तिकडे नाही. वहिनीने कसंबसं विचारलं, "रागावलात का हो माझ्यावर?"

"रागावलोय तर!" दादा उसळला. "बेकरीवाल्यासमोर लाज काढलीस माझी!" आणि तिचा हात धरून ठेवला, घट्ट. वहिनी रडता रडता हसायला लागली. मला दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली. इतके दिवस माझ्या जिवाला नुसता घोर.

रविवारी भाऊ आला आणि चहा पिऊन एकटाच परत गेला.

मला वाटलं, मिटलं. वहिनीने तिची खुर्ची उजवीकडे आणली, खाट फिरवली, पाण्याचा तांब्या, चष्मा, सगळं उजवीकडे मांडलं. पुढच्या खेपेला पोरगी आली आणि सगळं बघून म्हणाली, "प्रेमाने केलंत, पण हे असं ठेवलं तर त्यांची डावी बाजू कायमची गेली समजा. थोडं थोडं परत डावीकडे न्यायचं. आणि काकू, तुम्ही तुमच्या जुन्या जागी बसायचं."

"तिथे बसले तर मी नाहीच त्यांच्यासाठी."

"म्हणूनच. हाक मारत राहायचं, हात लावायचा, मान वळेपर्यंत."

"आणि आपणहून कधी वळतील?"

पोरगी खोटं बोलली नाही. "काहींची वळते, काहींची नाही. मी वचन देऊ शकत नाही."

वहिनी परत डावीकडे जाऊन बसली. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास. हात सुधारो न सुधारो, चार पैसे कमी येवोत, पण या माणसाने न सांगता एकदा आपल्याकडे बघावं.

घरभर लाल पट्ट्या चिकटल्या. टेबलाच्या डाव्या कडेला, दाराच्या चौकटीला, आरशाला. नियम एकच, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. शर्ट घालताना आधी डावी बाही. दाढी झाली की हात फिरवून दोन्ही गाल चाचपायचे. रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही. दादा करवादायचा, "मी काय बालवाडीत आहे? मला काही झालेलं नाही!" आणि इथेच गोम होती. त्याला खरंच वाटत होतं की त्याला काही झालेलं नाही. आम्हीच सगळ्या बायका मिळून त्याच्यामागे हात धुवून लागलोय.

म्हणे, माझं काम द्या, दाखवतो. पोरगी म्हणाली, द्या. बेकरीवाल्याने बिचाऱ्याने पाटी छापून घेतली नव्हती, वाट बघत होता. दादा स्टुलावर बसून कामाला लागला. सूत मारलं नाही, म्हणाला अंदाजाने करतो. अक्षरं तशीच सुंदर. पण पाटीच्या मध्यावर सुरू झालेलं नाव उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने कोंबलेलं, शेवटची अक्षरं पार कडेशी चिरडलेली. डावी अर्धी पाटी कोरी. दादाने मान मागे घेऊन बघितलं आणि म्हणाला, "झाली."

बेकरीवाला बघायला आला. बघितलं, नजर चुकवली आणि म्हणाला, "छान झालीय, पेंटर." तो गेल्यावर दादाने ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाला, "छोटे, हा खोटं बोलला. त्याच्या थोबाडावर दिसत होतं. काय चुकलंय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर पोरगीने मला खूण करून थांबवलं. खुंटीवर सुताचं भेंडोळं लटकत होतं. "हे कशाला असतं?" तिने विचारलं. दादाने सांगितलं. सांगताना जरा ऐटीत आला. "मग डावं टोक कोण धरतं?" "ही." "काकू, धरा बघू."

वहिनीने डाव्या कडेला टोक दाबून धरलं. दादाने उजवीकडे सूत ताणलं, ते टोक मी दाबून धरलं. त्याने चिमटीत उचललं आणि सोडलं. पांढरी रेघ उमटली. "आता काका, सूत सोडू नका. बोटांखाली धरून हळूहळू जिकडे जातंय तिकडे जा. संपेल तिथे थांबा."

दादा कुरकुरत निघाला. पहिल्या अक्षरापर्यंत आला आणि थांबला. "संपलं."

"ताणलेलं आहे की ढिलं?"

"ताणलेलं." तो जरा विचारात पडला. इथे त्याचा स्वतःचा धंदा त्याच्या आड आला. ताणलेल्या सुताचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असणारच, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "आहे की पुढे," असं पुटपुटत तो बोट बोट सरकू लागला. स्टुलावरून उठला, पुढे वाकला. बोटं सरकत सरकत वहिनीच्या अंगठ्यावर आली. त्याने अंगठा चाचपला, मान वळवली आणि वर बघितलं.

"तू इथे?"

"मग कुठे असणार?" वहिनी म्हणाली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," दादा हसला. मग त्याची नजर खाली गेली आणि हसू विझलं. जिथून चालत आला ती कोरी अर्धी पाटी आता त्याच्या उजवीकडे होती. त्याने ती पहिल्यांदा पाहिली. मग स्टूल ओढून बसला आणि रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना, मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

त्या दिवसापासून मात्र कुरकुर थांबली. ती पाटी त्याने खरवडली आणि पुन्हा रंगवली. आधी डाव्या कडेला लाल खडूची उभी रेघ, मग सूत, मग अक्षरं. वहिनी शेजारी बसून दर अक्षराला "कडा!" म्हणून हाळी द्यायची, की याची मान लाल रेघेपर्यंत जायची. पाटी वाकडी नाही झाली, पण पूर्वीइतकी देखणीही नाही. बेकरीवाल्याने लावली. पुढे छोटी छोटी कामं येऊ लागली, दारावरच्या पाट्या, वाहनांचे नंबर. दोन्ही गालांची दाढी होऊ लागली, ताट साफ होऊ लागलं. पोरगीच्या खेपा कमी झाल्या, आणि एक दिवस तिने सांगितलं, आता तुम्हीच चालवा. फक्त शिडी नाही. शिडीवर कधीच नाही.

वहिनीला सगळे म्हणत, बघा, किती सुधारले. ती मान हलवायची. मला एकटीला एकदा म्हणाली, "ताई, कडा म्हटलं की बघतात, हाक मारली की बघतात, पट्टी दिसली की बघतात. मी गप्प बसले की मी नाही."

शिडीवरून मात्र रोज धुसफूस. दादाला सायकलवाल्याची पाटी जागेवर जाऊन रंगवायची होती. वहिनी नाही म्हणायची, तो हो म्हणायचा. एकदा दुपारी तो झोपलेला असताना तिने शिडी सरळ सायकलवाल्यालाच देऊन टाकली. तुझ्याच दुकानात ठेव आणि यांच्या हाती देऊ नकोस म्हणाली.

त्या दिवशी जेवताना दादाने विचारलं, "माझी शिडी कुठेय?" मी ताटात बघायला लागले. वहिनी आपल्या जागी, डाव्या हाताला. म्हणाली, "दिली मी."

दादाचा घास हातातच राहिला. कानशिलं लाल झाली. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून ओरडणार. पण त्याने ओठ मिटले आणि मान फिरवायला सुरुवात केली. टेबलाच्या लाल पट्टीपाशी थांबली नाही. पट्टीच्या पुढे गेली, तिच्या खांद्यावर गेली, चेहऱ्यावर गेली. कुणी कडा म्हटलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. त्याने तिच्या डोळ्यांत डोळे घालून, खाऊ की गिळू असं बघितलं. मग तितक्याच सावकाश मान माझ्याकडे वळवली.

"छोटे, तिला सांग, माझ्याशी बोलू नकोस म्हणावं."

वहिनी ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. ओट्याला टेकून ती तोंडावर हात दाबून उभी होती, खांदे हलत होते. मी म्हटलं, "वहिनी, मनावर घेऊ नका हो, त्याचा स्वभावच..."

तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. "ताई, बघितलंत? आपणहून बघितलं हो माझ्याकडे. आपणहून!"

बाहेरून दादाचा आवाज आला, "छोटे! सांगितलंस का तिला?"

"सांगते रे," मी ओरडून म्हटलं, आणि आधी वहिनीला पोटभर रडू दिलं.